हत्ती, काडी आणि कंदुरी

सारी नोकरी मी बोकडांच्या चरबीत घालवली, पण मटणाचा घास कधी तोंडात घातला नाही. आम्ही उदगीरकडचे लिंगायत. अव्वा, म्हणजे माझी आई, शेवटपर्यंत शेजारणींना सांगत राहिली, "आमची पोरगी जनावरांची डॉक्टर हाय," आणि पुढचं गिळून टाकायची. खरं म्हणजे मी दवाखान्यातली डॉक्टर नव्हतेच. मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात आनुवंशशास्त्र शिकवायचे आणि एका प्रश्नाच्या मागं हात धुऊन लागले होते. एकाच रानात, एकाच पाल्यावर वाढलेल्या दोन करडांपैकी एक टणटणीत का होतं आणि दुसरं खाऊन खाऊन हडकुळंच का राहतं?

लोकांना हा प्रश्नच वाटत नसे. कंधारकडं एका लाल कंधारी वळूच्या मालकानं मला स्पष्ट सांगितलं, "मॅडम, त्याला मशीन कशाला लागतंय? आमच्या कारभारणीच्या हातची पेंड खातोय, म्हणून असा दिसून राहिला." मी म्हटलं, मग शेजारी बांधलेलं ते गोऱ्हं का वाळलंय? तेही तिच्याच हातचं खातं की! पण त्यानं वळूच्या रक्ताचा थेंब काही काढू दिला नाही. अशी माणसं मला आवडतात. निदान आपल्या बायकोवर त्यांचा विश्वास असतो.

आमचा धंदा आधी सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. जनावराच्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. चरबी साठवायची जनुकं डोळ्यातही असतात आणि खुरातही. फरक इतकाच, की कुठं कोण बोलतंय. आठवडी बाजारात दुकानं सगळी मांडलेली असतात, पण कांदेवाला जास्त ओरडतोय की मिरचीवाला, यावरून त्या दिवशीचा धंदा ओळखू येतो. पेशीतलं जनुक कामाला लागलं की तेही अशी आरोळी देतं. त्या आरोळीला आम्ही आरएनए म्हणतो. आरएनए सिक्वेन्सिंग म्हणजे एका क्षणाचा बाजारातला सगळा गलका पकडायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे, ते वाचायचे आणि कुणाची आरोळी किती वेळा आली ते मोजायचं. पूर्वी आम्ही एकेका जनुकाच्या दाराला कान लावून बसायचो. हे तंत्र आलं आणि अख्खा बाजार एकदम ऐकू यायला लागला. ती माहिती मी पहिल्यांदा संगणकावर उघडली तेव्हा अंगावर काटा आला होता, आणि खोटं कशाला सांगू, अजूनही येतो.

पण आरोळीच ती, विरून जाते. शिवाय तिला खाऊन टाकणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जगात सगळीकडं आहे. आपल्या घामात, थुंकीत, बोटांच्या टोकांवर. त्यामुळं जनावर कापल्यावर चरबीचा आणि स्नायूचा तुकडा मिनिटांत काढायचा आणि द्रव नायट्रोजनमध्ये टाकून दगड करायचा. गावोगावचे पशुवैद्यक रेतनाच्या नळ्या ज्या कॅनमध्ये घेऊन हिंडतात, तोच कॅन आमच्याही काखेत. त्यातून पांढरी वाफ निघते. एकदा एसटीच्या कंडक्टरनं ती बघून गाडी थांबवली आणि मला म्हणाला, "बाई, तुमचं काहीतरी पेटलंय, खाली उतरा." ते पेटलेलं नसून गोठलेलं आहे हे समजावण्यात माझी गाडी गेली.

आता प्रणिताबद्दल. ही माझी शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. किनवटच्या जंगलातल्या गावची, आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेली. बोलायची कमी. "हे जमणार नाही" असं मी म्हटलं की "हाव मॅडम" म्हणायची आणि नेमकं तेच करायला लागायची. मी चिडकी बाई म्हणून प्रसिद्ध होते. या मुलीवर चिडून काही उपयोग नाही, हे मला पहिल्याच वर्षी उमगलं.

तिचं काम होतं उस्मानाबादी शेळ्यांवर. एकाच वेताची जुळी करडं घ्यायची, एक भरलेलं आणि एक वाळकं, आणि दोघांच्या चरबीतला गलका शेजारी शेजारी ठेवून बघायचा. आई तीच, दूध तेच, रान तेच, म्हणजे फरक ऐकायला सोपा. मोठ्या खटपटीनं जोड्या जमवल्या होत्या. तेवढ्यात शेळ्यांमध्ये बुळकांडीसारखी साथ आली आणि आमच्या गोठ्यातल्या चांगल्या जोड्या घेऊन गेली. उरल्या त्या इतक्या कमी, की आणखी एक ठळक फरकाची जोडी मिळाली नाही तर प्रबंधाचा निष्कर्षच निघणार नव्हता. पाठ्यवृत्तीची मुदत संपत आलेली. घरचे म्हणत होते, लई शिकलीस, आता ये. ती मला एवढंच म्हणाली, "मॅडम, ह्या वक्ताला न्हाई झालं तर मी परत येणार न्हाई."

अशा वेळी जळकोटच्या पुढच्या एका गावात आम्हाला कौसाबाई भेटल्या. विधवा बाई, चार शेळ्या, पदराला मुलगा आणि सून. त्यांच्या अंगणात दोन बोकड उभे होते. एक काळाभोर, रुंद पाठीचा, मान फिरवली तरी चरबी हलावी असा. दुसरा त्याचाच भाऊ, कानांचा आकारही तोच, पण बरगड्या बाहेरून मोजून घ्याव्यात. घरात त्यांची नावं पडली होती हत्ती आणि काडी. प्रणितानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"हे काडीचं सोंग," कौसाबाई त्याच्या पाठीवर चापट मारून म्हणाल्या, "खातंय हत्तीएवढं आन दिसतंय असं! मेल्याच्या अंगालाच लागत न्हाई."

दोन्ही बोकड विकायला त्या कबूल झाल्या. आम्ही वय लिहिलं, वजन केलं, ताप बघितला, लसीकरण विचारलं. सगळं नीट होतं. आठवड्यानं जीप घेऊन गेलो, तर कौसाबाई ओसरीवर तोंड पाडून बसलेल्या.

"काडीला न्या मॅडम. हत्ती न्हाई देता येत. त्यो पिराचा हाय."

झालं होतं असं, की सुनेचं बाळंतपण फार अवघड गेलं होतं. लातूरला नेताना वाटेतच सगळ्यांनी आशा सोडली होती. तेव्हा कौसाबाई मनात बोलल्या होत्या, दोघं जीव घरी आले तर दारातला सगळ्यात चांगला बोकड पिराला. सून आणि नातू सुखरूप परतले. आमच्या व्यवहाराच्या वेळी त्यांना वाटलं, दुसरा एखादा बोकड घेऊन नवस फेडू. पण रात्रभर डोळा लागेना. सगळ्यात चांगला म्हणजे हत्तीच की!

आमच्या अर्जात वय होतं, वजन होतं, नवसाचा रकाना नव्हता.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडं पिराला कंदुरी करतात. हिंदूही करतात, मुसलमानही करतात. दर्ग्यापाशी बोकड कापायचा, तिथंच रांधायचा, येईल त्याला जेवू घालायचं. मी म्हटलं, मग काय अडलं? आम्ही कंदुरीला येतो, शेंगदाण्याएवढा तुकडा घेतो आणि जातो. कौसाबाईंनी कानाला हात लावला आणि आम्हाला गुलाबचाचांकडं नेलं.

गुलाबचाचा म्हणजे गावचे मुलाणी. पिढ्यान्‌पिढ्या गावातला बोकड त्यांच्याच घराण्याच्या हातून हलाल व्हायचा. सत्तरीचे, ताठ, पांढऱ्या टोकदार दाढीचे. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मॅडमजी, तुमचं काम नेक हाय. पर ह्या पिराची कंदुरी हद्दीबाहेर जात न्हाई. खायचं ते हितंच. उरलं तर हितंच मातीत. हड्डीबी घरी न्यायची न्हाई. माझ्या आब्बांनी कुणाला नेऊ दिली न्हाई, मी बी देणार न्हाई."

"अहो चाचा, शेंगदाण्याएवढा तुकडा!" माझा आवाज चढला.

"मंग तुमी शेंगदाणाच न्या की," चाचा म्हणाले.

जीपमध्ये मी रस्ताभर धुमसत होते. कुणाला कळणार आहे, एक नळी खिशात टाकली तर? तसं मी बोललेही. प्रणिता खिडकीबाहेर बघत होती. "मॅडम, कौसामावशीला कळंल," ती म्हणाली. "माझ्या प्रबंधात तिची झोप नको." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मी एक विचार करून राहिले. आपल्याला तरी बोकड कुठं पायजे? आपल्याला त्याची नक्कल पायजे."

मी तिच्याकडं बघतच राहिले. कारण ते शब्दशः खरं होतं. सिक्वेन्सिंगचं यंत्र मूळ आरएनए वाचत नाही. आधी त्याची डीएनएच्या रूपात नक्कल करतात आणि ती वाचतात. आता गंमत अशी, की नक्कल ज्या मालातून बनते तो माल बोकडाचा नसतो, कंपनीच्या बाटलीतला असतो. हे काम आपण प्रयोगशाळेत करतो म्हणून मांस प्रयोगशाळेत आणतो. प्रणिताचं म्हणणं, ते दर्ग्यापाशी करू. मांस तिथंच राहील, नक्कल तेवढी घेऊन येऊ.

"हे जमणार नाही," मी म्हटलं.

"हाव मॅडम," ती म्हणाली.

मग तिनं रीत बसवली. मीठ आणि साबणाच्या जातीचं एक द्रावण असतं, त्यात तुकडा विरघळतो. त्यात लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे मणी टाकायचे. प्रत्येक आरोळीला एक ठरावीक शेपटी असते. ती शेपटी मण्यांना अडकते. बाहेरून लोहचुंबक लावलं की मणी नळीच्या भिंतीला चिकटतात आणि बाकीचं पाणी ओतून देता येतं. मग मण्यांवरच नक्कल करायची. त्यासाठी नळी तासभर ठरावीक उबेच्या पाण्यात ठेवावी लागते, ते काम थर्मास करील. राहता राहिला मूळ आरएनए, तोही शेवटी बोकडाचाच. तो नष्ट करायला प्रणितानं त्या विकराचाच एक भाऊबंद आणला, जो फक्त नक्कल झालेला आरएनए खातो. ज्या जातीला हाकलण्यात माझी उमर गेली, तिला आम्ही आपणहून आवतण दिलं. वीज नको, मोठं यंत्र नको. महाविद्यालयाच्या व्हरांड्यात, वाऱ्यात, धुळीत ती पुन्हा पुन्हा सराव करत बसायची. कितीदा बिघडलं, कितीदा पुन्हा मांडलं. जाणारे-येणारे हसायचे आणि मी त्यांच्यावर खेकसायचे.

आम्ही पुन्हा गुलाबचाचांकडं गेलो. प्रणितानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चाचांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या नळीत बकऱ्याचं काय ऱ्हाईल?"

"काहीच न्हाई चाचा. त्याचा निरोप ऱ्हाईल फक्त, आन तो बी आमच्या अक्षरात लिवलेला."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "गोश्त हद्दीबाहेर जात न्हाई," ते म्हणाले. "खबर जायला कोण अडवतंय? कंदुरी चांगली झाली, ही खबर तर चार गावं जाती." मग बोट वर करून म्हणाले, "पर एक शर्त. खबर नेली तर परत आनून द्यायची. बाईला सांगायचं, तिचा बकरा काय बोलला."

जोडीतल्या दोघांना सारखीच वागणूक मिळायला हवी, म्हणून काडीलाही तिथंच कापायचं ठरलं. तो आम्ही विकत घेतलेला होता, तो कंदुरीत घातला. कौसाबाई खूश. म्हणाल्या, "दोन बोकडांची कंदुरी! मंग पाव्हणे वाढवावे लागतील."

जुमेरातीचा, म्हणजे गुरुवारचा, दिवस होता. लिंबाच्या झाडाखाली आम्ही टेबल मांडलं. नायट्रोजनची वाफ उठली तशी बायकांनी लांबूनच हात जोडले. तो पिराचा धूर नाही, असं मी दोनदा सांगितलं. मग सोडून दिलं.

चाचांनी आधी हत्तीला पाणी पाजलं, मग काडीला. एकाला दुसऱ्याचं रक्त दिसू नये म्हणून काडीला भिंतीआड नेलं. हत्तीच्या मानेवरून सुरी फिरली आणि प्रणिता पुढं सरकली, तसा चाचांनी हात आडवा केला. अंग पूर्ण शांत होईपर्यंत दुसरी सुरी लागायची नाही, हा त्यांचा कायदा. माझ्या डोक्यात घड्याळ टिकटिकत होतं. प्रणिता हात जोडून उभी राहिली, कसलीही घाई न करता. मग चाचांनी मान हलवली, आणि ती पोर अशी चालली की मी माझ्या सगळ्या नोकरीत तसे हात बघितले नाहीत. पाठीचा स्नायू, मूत्रपिंडाजवळची चरबी, खलात नायट्रोजन, बत्त्याचे चार फटके, द्रावण, मणी, चुंबक. मागोमाग काडीचंही तसंच. तपासणीसाठी आतडी उघडून बघायची आमची पाळीच आली नाही, ती बायकांनी धुवायला कधीच पळवली होती.

आता नळ्या थर्मासमध्ये ठेवायच्या. प्रणितानं झाकण उघडलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. आत चहा.

"तुमच्यासाठीच भरून ठिवला," कौसाबाईंची सून कौतुकानं म्हणाली. "आत निस्तं पानीच होतं, ते फेकलं."

मी तोंड उघडणार होते. पण ती पोरसवदा सून कडेवर नातू घेऊन उभी होती, आणि तिच्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं. चुलीवर डेगी चढलेल्या, हापशावर रांग, नवं पाणी तापवायला वेळ नव्हता. प्रणितानं तापमापक चहात बुडवला. "लई कढत हाय," ती म्हणाली. "वहिनी, थोडं गार दूध आना." दूध ओतत ओतत तिनं चहा हव्या त्या अंशावर आणला, बूच लावलेल्या नळ्या थर्माकोलच्या तुकड्यात खोचल्या आणि चहावर तरंगत सोडल्या. नळीला बाहेर पाणी आहे की चहा, याच्याशी देणंघेणं नसतं. ऊब पुरते. झाकण लावून ती मांडी घालून थर्मासजवळ बसली. हत्तीची आणि काडीची नक्कल दुधाळ चहात तयार झाली, हे तिच्या प्रबंधात नाही. म्हणून इथं लिहून ठेवते.

शेवटी दोघांचं उरलेलं सगळं, धुतलेलं पाणीसुद्धा, चाचांनी दाखवलेल्या जागी खड्ड्यात घातलं. माती लोटली. मला कौसाबाईंनी आठवणीनं वेगळ्या चुलीवर केलेलं पिठलं वाढलं. मी त्या दिवशी पंगतीत बसून पोटभर जेवले.

माहिती हाती यायला बरेच दिवस लागले. आली तेव्हा प्रणितानं मला खोलीत बोलावलं आणि नुसतं पडद्याकडं बोट केलं. हत्तीच्या बाजारात चरबी साठवणाऱ्यांचा जोर होता, ते अपेक्षितच होतं. पण काडीच्या बाजारात शुकशुकाट असेल अशी माझी अटकळ होती. तसं नव्हतं. तिथं हत्तीपेक्षा मोठा गलका होता, फक्त तो वेगळ्या आळीत होता. रोगाशी लढणारी, सूज आणणारी, जखमा सांधणारी जनुकं टिपेला ओरडत होती. काडीला आतून कसलं तरी जुनं दुखणं होतं. बाहेरून ताप नाही, खोकला नाही. खाल्लेला पाला तो त्या लढाईत घालवत होता. एका जोडीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मीच वर्गात शिकवलेलं. मग प्रणितानं बाकीच्या जोड्या त्या कानानं पुन्हा ऐकल्या, आणि बऱ्याच वाळक्या भावंडांत तोच आवाज, कमी-जास्त, निघाला. प्रबंध झाला. तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे प्राध्यापक उठून तिच्याशी हात मिळवून गेले. मला इतका अभिमान वाटला की मी त्या दिवशी कुणावरही ओरडले नाही.

पण खबर परत द्यायची होती. आम्ही पेढे घेऊन गेलो. कौसाबाईंनी चाचांनाही बोलावून घेतलं. प्रणिता ओसरीवर बसून सांगत होती, कौसाबाई गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होत्या. हत्तीचं ऐकून हसल्या. काडीचं सुरू झालं तशा पुढं सरकून बसल्या.

"म्हंजी त्यो आतून लढून ऱ्हायला होता?"

"हाव मावशी."

"आन मी त्याला मेल्या म्हनायची. हत्तीपुढचा पाला त्यानं ओढला की काठी हानायची." त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग कौसाबाई उठल्या आणि गोठ्यात गेल्या. त्याच शेळीचं नवं वेत झालं होतं, पुन्हा जुळं. एक पिल्लू उड्या मारत त्यांच्या मागं आलं. दुसरं त्यांनी उचलून आणलं होतं, डोळे मोठे, पोट खपाटीला. ते त्यांनी प्रणिताच्या मांडीवर ठेवलं.

"ह्याचं आत्ताच ऐका. मेल्यावर ऐकून काय करता?"

सारी हयात मी ज्या धंद्याचा टेंभा मिरवला, त्यात एक गोष्ट मला कायम खुपत होती आणि मी ती कुणाशी बोलले नव्हते. आम्ही जनावराचं इतकं बारीक ऐकतो, पण कापल्यावर. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

प्रणितानं पिल्लाच्या पापण्या उलटून बघितल्या, लेंड्या पिशवीत घेतल्या, मानेतून थोडं रक्त काढलं. आता ती तेच काम करते, जिवंत करडांच्या रक्तातला गलका ऐकायचं. त्या दिवशी मात्र तिनं एवढंच विचारलं, "मावशी, चार दिवस दवाखान्यात नेऊ का ह्याला?" कौसाबाई म्हणाल्या, "न्या. ह्यो पिराचा न्हाई, माझा हाय."

जीपमध्ये ते माझ्या मांडीवर होतं. जळकोट येईपर्यंत एकसारखं ओरडत होतं. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "मॅडम, त्याच्या तोंडात पाला तरी द्या, गप बसंल."

मी म्हटलं, "ओरडू दे त्याला."